सत्काराला निघालेला घोडा

भावसिंग आडे यानं आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं घेतलेले निर्णय फार थोडे. (लग्न आईनं ठरवलं, नोकरी जाहिरात पाहून मामानं लावली आणि मोबाइलचा रंग दुकानदारानं निवडला.) त्यामुळं आपल्या शाळेतल्या मनवर गुरुजींना सत्काराच्या मांडवापर्यंत घोड्यावरून न्यायचं, हे त्यानं एकट्यानं ठरवून टाकलं तेव्हा त्याच्या बायकोला, पुष्पाला, अभिमान वाटण्याऐवजी धडकीच भरली.

पुष्पाचं म्हणणं सरळ होतं. गुरुजी दारव्ह्याहून काळीपिवळी जीपनं फाट्यावर उतरणार. फाट्यापासून शाळा म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. स्कूटरवर मागं बसवा, शाळेत उतरवा, संपलं. पण सत्कार म्हटला की साध्या माणसाच्याही अंगात काहीतरी संचारतं, तसं भावसिंगच्या संचारलं होतं.

तसं पाहिलं तर गोष्ट घोड्यापासून नाही, फुलचंदपासून सुरू होते. बोरी अरबच्या अलीकडं धामणधरा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत आजूबाजूच्या खेड्यांतली आणि तांड्यांवरची पोरं शिकली आणि त्यांतली काही खरोखरच मोठी झाली. एक जण अमरावतीला हाडांचा डॉक्टर झाला, एक मुलगी पोलिसात फौजदार झाली, एकानं तेलाची गिरणी टाकली, आणि एक जण पुण्यात असं काहीतरी करतो की ते नेमकं काय, हे त्याच्या बापालाही सांगता येत नाही. परिसरातल्या साऱ्या शाळांनी मिळून अशा यशस्वी माजी विद्यार्थ्यांचा आणि जुन्या गुरुजनांचा एकत्र सत्कार करायचं ठरवलं. समितीचा अध्यक्ष फुलचंद झाला. गावात समिती कशाचीही असो, अध्यक्ष फुलचंदच होतो, कारण त्याच्या कृषी केंद्रात बसायला खुर्च्या जास्त आहेत.

फुलचंद आणि भावसिंग एका बाकावरचे. तेव्हा यशस्वी माजी विद्यार्थ्यांत आपलं नाव निघेल, अशी भावसिंगला आशा होती. तो दारव्ह्याला एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे आणि आवक-जावकचं टेबल सांभाळतो. हे टेबल म्हणजे काय, हे तो आपल्या सासूला, लालीबाईला, लग्नापासून समजावतो आहे. लोकांचे कागद येतात ते घ्यायचे, कचेरीचे जातात ते पाठवायचे. लालीबाई दर वेळी शांतपणे ऐकून घेते आणि दर वेळी विचारते, "कागद आपल्या पायानं येते आन् आपल्या पायानं जाते, तं मधात तुमाले कायले ठेवलं?" यावर भावसिंगला आजवर उत्तर सुचलेलं नाही. (त्याच्या साहेबांनाही ते सुचेल की नाही, शंकाच आहे.) नेरकडच्या एका तांड्यावर सासुरवाडीला गेलं की तो बाजेच्या कडेला बसतो, आणि चहा त्याच्यापर्यंत येतो तोवर निवलेला असतो.

म्हणून फुलचंदनं जेव्हा सौदा पुढं केला, तेव्हा भावसिंगनं तो दोन्ही हातांनी धरला. सौदा असा होता: मनवर गुरुजींना सत्काराला आणायचं. गुरुजींशिवाय कार्यक्रम म्हणजे मिठाशिवाय वरण. पण गुरुजी कुणाचा सत्कार घेत नाहीत. नेरच्या एका मंडळाला त्यांनी दारातूनच चहा पाजून परत पाठवलं होतं. ते आले, तर यशस्वी विद्यार्थ्यांत भावसिंगचं नाव घालू, "शासकीय सेवेत उल्लेखनीय कार्य" म्हणून. नाही आले, तर नाही.

भावसिंगनं हे पुष्पाला सांगितलं, पुष्पानं फोनवर आईला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत तांड्यावर ठरूनही गेलं की जावयाचा सत्कार पाहायला लालीबाई, तिचा धाकटा बादल आणि दोन मावश्या येणार. गुरुजींनी अजून हो म्हटलेलं नव्हतं. आता त्यांनी नाही म्हटलं असतं, तर भावसिंगला सासुरवाडीचा रस्ता कायमचा बंद झाला असता.

तो दारव्ह्याला गेला तेव्हा मारोती मनवर गुरुजी अंगणात काळा चष्मा लावून बसले होते. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. सत्काराचं नाव काढताच त्यांनी हात हलवला. म्हणाले, सरकारनं मले पगार देला, पेन्शन देऊन राह्यलं, आता अजून कायचा सत्कार? भावसिंगनं पाठ करून आणलेली वाक्यं म्हटली. ऋण, संस्कार, दीपस्तंभ. गुरुजींनी ती निबंध तपासावा तशी ऐकली आणि काहीच गुण दिले नाहीत.

शेवटी भावसिंगच्या तोंडून खरं निघालं. "गुरुजी, तुमी आले तं माहाही सत्कार हाय. आमची सासू येऊन राह्यली."

गुरुजी खळखळून हसले. "असं बोल ना मंग. तुह्या सत्काराले येतो. फक्त एक वाजता जेवाले पाह्यजे बापू, मले शुगर हाय. आन् भाषनं लंबी नको."

परतताना भावसिंगचं मन भरून आलं होतं. लहानपणी तो शाळेच्या वेळेला तुरीच्या वावरात लपून बसायचा. गुरुजी सायकलवर त्याच्या तांड्यावर यायचे, तुरीतून त्याला कान धरून बाहेर काढायचे आणि सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचे. एक-दोन दिवस नाही, वर्षभर. तसं झालं नसतं, तर भावसिंग आज आवकही नसता आणि जावकही नसता. त्याला मनापासून वाटलं की ज्यांनी आपल्याला दांडीवर नेलं, त्यांना आपण घोड्यावर न्यावं. निर्णय झाला तो इथं, आणि एवढा चांगला विचार त्याला पुन्हा आयुष्यात सुचू नये, असं पुष्पाचं आजही मत आहे.

पंचक्रोशीत नवरदेवाचा घोडा एकच, उकंडाचा. नाव बादशा. एप्रिल महिना, दाट तिथी, घोडा मिळणं कठीण होतं. पण भावसिंगचं नशीब जोरावर होतं. त्याच दिवशी धामणधऱ्याच्या मंगल कार्यालयात लग्न होतं खरं, पण नवरदेवानं घोडा नाकारून वरचं छप्पर उघडणारी गाडी मागवली होती. उकंडा त्यामुळं दुखावलेला होता. त्यानं बुकिंग घेतलं आणि सवयीनं नवरदेवाचं वय विचारलं. भावसिंगनं सांगितलं की ऐंशीच्या वर. उकंडानं वय वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, घोडा गरीब हाय, चालून जाईन.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून शाळेच्या पटांगणात खुर्च्या भरल्या. पहिल्या रांगेत डॉक्टर, फौजदारबाई आणि पुण्याचा मुलगा. दुसऱ्या रांगेत लालीबाई, अंगावरची सगळी चांदी घालून. तिनं आल्या आल्या बादलला सांगून ठेवलं होतं की जावयाचं नाव निघालं की शूटिंग करजो. प्रमुख पाहुण्यांना पुढं अजून दोन उद्घाटनं होती आणि ते घड्याळाकडं पाहत होते.

इकडं फाट्यावर काळीपिवळी थांबली. गुरुजी उतरले आणि त्यांनी काळ्या चष्म्यातून समोरच्या पांढऱ्या आकृतीकडं बराच वेळ पाहिलं.

"हे कोन हाय?"

"घोडा हाय गुरुजी. तुमची मिरवनूक."

गुरुजींनी नको म्हणून पाहिलं, पण लेझीमच्या पोरी तयार उभ्या होत्या, गावातली चार माणसं हात जोडून होती, आणि पोरींच्या तोंडावरचा उत्साह पाहून गुरुजींना नाही म्हणवलं नाही. त्यांना फेटा बांधला. पानठेल्यावरची खुर्ची आणून, त्यावर चढवून, तिथून घोड्यावर बसवलं. बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की पाडणार तर नाहीस ना. भावसिंगनं शपथेवर नाही म्हटलं.

उकंडाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा संपला होता. "जरा धरा भाऊ, खर्रा घोटून आनतो," म्हणून त्यानं लगाम भावसिंगच्या हातात दिला आणि तो पानठेल्याकडं वळला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. लेझीमच्या बाई शिट्टी वाजवत पुढं निघाल्या, मागं पोरी, त्यांच्या मागं चार माणसं, आणि सगळ्यांत मागं घोडा.

फाट्यावरून दोन रस्ते फुटतात. उजवा शाळेकडं जातो, डावा मंगल कार्यालयाकडं. पोरी उजवीकडं वळल्या. नेमक्या त्याच वेळी डावीकडून बँड सुरू झाला.

आता बादशाचाही विचार केला पाहिजे. तो या धंद्यात केस पिकवून बसलेला प्राणी. पाठीवर वजन पडलं, वजनाच्या डोक्यावर फेटा दिसला आणि कानावर बँड आला, की मांडवाच्या दारात जाऊन उभं राहायचं. तिथं नवरीकडचे लोक भिजवलेली चण्याची डाळ चारतात. एवढीच त्याची नोकरी आणि ती त्यानं कधी चुकवली नव्हती. शाळा, सत्कार, गुरुजन वगैरे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कान टवकारले आणि तो डावीकडं वळला.

भावसिंगनं लगाम ओढला. घोड्यानं भावसिंगला ओढलं. दोघांत घोडा जास्त अनुभवी होता. वळताना गुरुजींच्या पायातली एक चप्पल निसटून रस्त्यावर पडली, ती उचलायला लगाम सोडावा लागला असता म्हणून भावसिंगनं ती तशीच राहू दिली. त्यानं पुढच्या माणसांना हाका मारल्या, पण लेझीम आणि बँड यांच्या मधोमध त्याचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. पोरी तालात शाळेत पोचल्या. तिथं फुलचंद हार घेऊन वाकून उभा होता, आणि पोरींच्या मागं नुसती धूळ आली.

मंगल कार्यालयाच्या दारात बादशा थांबला तेव्हा मुहूर्त टळून चांगला वेळ झाला होता. आपल्याकडं मुहूर्त पत्रिकेवर छापतात तो पाहुण्यांना घरून निघायची वेळ कळावी म्हणून. फेटा बांधलेला, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला, काळा चष्मा लावलेला वयोवृद्ध माणूस घोड्यावरून आलेला पाहून दारातली सगळी मंडळी उठली. नवरीकडच्यांना वाटलं, नवरदेवाचे आजोबा. केवढी हौस म्हाताऱ्याला. नवरदेवाकडच्यांना वाटलं, नवरीकडचं कोणीतरी बडं प्रस्थ. आणि लग्नाच्या मांडवात पाहुण्याला "तुम्ही कुणाकडचे" म्हणून विचारायचं नसतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विचारलं आणि तो नेमका व्याह्याचा मामा निघाला, तर रुसवा पुढं बारशापर्यंत चालतो. म्हणून कुणीच विचारलं नाही. पाच बायका ताट घेऊन आल्या, ओवाळलं, पायावर पाणी घातलं (एक पाय अनवाणी पाहून त्या जरा घोटाळल्या, पण मोठ्यांची काही व्रतं असतात म्हणून गप्प बसल्या), आणि गुरुजींना हाताला धरून थेट मंचावर नेऊन बसवलं.

भावसिंग बोलायला तोंड उघडत होता, पण त्याच्या एका हातात लगाम होता आणि दुसऱ्या हातात कुणीतरी डाळीचं घमेलं दिलं होतं. लगाम सोडावा तर बादशा पंगतीत शिरला असता. खिशात मोबाइल थरथरत होता. तो बाहेर काढायला भावसिंगला तिसरा हात नव्हता.

वऱ्हाडातल्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी सत्कार होतात. पुढारी, व्याही, मामा, मामाचे साडू, ज्याच्या बोअरवेलचं पाणी वापरलं तो, सगळ्यांना टोपी-दुपट्टा. नवरा-नवरी तोवर हार धरून उभे. माइकवरचा निवेदक यादीच्या शेवटाला आला होता. त्यानं मंचावरच्या नव्या पाहुण्याकडं पाहिलं, पळत दारात आला आणि घोडा धरलेल्या माणसाच्या कानाशी लागून नाव विचारलं. भावसिंगला बाकी काही सांगायची सवड मिळाली नाही. त्यानं गुरुजींचं आणि स्वतःचं नाव तेवढं सांगितलं.

"आजच्या या मंगलप्रसंगी," निवेदक माइकवर म्हणाला, "आपल्या सर्वांना आशीर्वाद देण्यासाठी घोड्यावरून पधारलेले आदरणीय मनवर गुरुजी यांचा सत्कार वधूपिता करतील."

वधूपिता टोपी-दुपट्टा घेऊन पुढं आला आणि मधेच थांबला. त्यानं वाकून गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं. मग तो दुपट्टाबिपट्टा घालायचं विसरला आणि त्यानं त्यांचे पायच धरले. धामणधऱ्याच्याच शाळेत तो तिसरीत गुरुजींच्या हाताखाली होता. तिसरीतच संपला होता बिचारा, पण गुरुजींच्याच हाताखाली. ते पाहून मांडवातून एक-एक जण उठायला लागला. वाढपी उठले. मंडपवाला आला. बँडमधला क्लॅरिनेटवाला बँड थांबवून आला. कढईवरची एक बाई पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मी दुसरीतली गुरुजी, फळ्याजवळ बसत होती." गुरुजी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होते, आवाजावरून ओळखत होते, आणि ज्याला ओळखता आलं नाही त्याला बापाचं नाव विचारून ओळखत होते. फेट्यावर टोपी बसेना, म्हणून ती त्यांच्या हातात दिली. भावसिंग दारातून हे सगळं पाहत होता आणि त्याला रडू येत होतं. हातात घमेलं असल्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते.

त्यानंतर निवेदकाला दारातलं एकच माणूस सत्काराविना उरलेलं दिसलं. "आणि गुरुजींना सुखरूप घेऊन येणारे घोडेवाले भावसिंगभाऊ, यांचाही सत्कार!"

भावसिंगनं मान जोरजोरात हलवली. मी वरिष्ठ लिपिक हाय, असं तो ओरडलासुद्धा. पण तोवर क्लॅरिनेटवाला जागेवर परत गेला होता. डोक्यावर टोपी आली, गळ्यात दुपट्टा आला, व्हिडिओवाल्यानं आधी घोड्याचा आणि मग त्याचा चेहरा जवळून घेतला. मंगलाष्टकं झाली. गुरुजींना पहिल्या पंगतीत बसवलं. भावसिंगला दारातच द्रोण दिला.

खर्रा घोटून उकंडा परतला तेव्हा फाट्यावर घोडा नव्हता, मिरवणूक नव्हती, रस्त्यात एक चप्पल होती. घोडा घरी पळाला असं समजून तो घराकडं धावला. गुरुजींना शोधत आलेल्या लेझीमच्या बाईंनी ती ओळखली आणि शाळेत नेली. फुलचंदनं भावसिंगला फोनवर फोन लावले. उत्तर नाही. मग जे व्हायचं तेच झालं. पहिल्या रांगेत "घोडा बिथरला" एवढंच होतं. दुसऱ्या रांगेत जाईतो गुरुजी पडले. चौथ्या रांगेत त्यांना दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. झाडाखालच्या माणसांपर्यंत बातमी गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनाही काही करता आलं नव्हतं. प्रमुख पाहुणे घड्याळ पाहून उठले. गुरुजींना भेट देण्यासाठी फ्रेम केलेला त्यांचा फोटो टेबलावर होता, आणि हार फुलचंदच्या हातात होताच. पहिल्या रांगेतल्यांचे सत्कार कसेबसे उरकले होते. पाहुणे हळू आवाजात म्हणाले की दोन मिनिटं उभं राहू आणि निघू. लालीबाईनं डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या मावशीला सांगितलं की आमच्या जावयाच्या हातात आजवर काहीच टिकलं नाही.

जेवण आटोपून गुरुजी पुन्हा घोड्यावर बसले तेव्हा भावसिंगनं वाटेत मान खाली घालून कबुली दिली.

"गुरुजी, थो आपला मांडव नव्हता. लग्न होतं थे."

"डोळ्याचं आपरेशन झालं माहं, अकलेचं नाही," गुरुजी म्हणाले. "समोर नवरा-नवरी हार घेऊन उभे होते, तुले काय वाटलं, थे मले घालनार होते?"

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

"एक वाजून गेला होता. तिथं वरन-भात वाढून राह्यले होते." मग ते म्हणाले, "आन् उठावं कसं वाटन रे? हे सारे पोरं कोनाच्याच यादीत नसते."

शाळेच्या फाटकातून बादशा आत आला तेव्हा पटांगणात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. लहान-थोर सगळे उभे, हात बांधलेले, माना खाली. गुरुजींना फक्त एवढं दिसलं की आपण आलो आणि सगळा वर्ग उभा राहिला. त्यांना त्यात नवल वाटण्याचं कारण नव्हतं. हयातभर ते हेच पाहत आले होते.

"बसा," गुरुजी म्हणाले.

आणि सगळे बसले. डॉक्टर बसला, फौजदारबाई बसल्या, प्रमुख पाहुणे जाण्यासाठी एक पाय पुढं टाकून होते तेही बसले. बसल्यावर एकेकाच्या ध्यानात आलं की आपण कुणाचं ऐकलं. मागं कुणीतरी किंचाळलं. लालीबाई तेवढी शांत होती; ती जावयाच्या टोपी-दुपट्ट्याकडं निरखून पाहत होती.

फुलचंद फोटोवरचा हार काढायला टेबलाकडं धावला. गुरुजींनी त्याला थांबवलं. म्हणाले, राहू दे, फोटोत मी बरा दिसतो. सत्कार घेणार नाही, एका दिवशी एकच पचतो. मग माइक मागून घेतला.

"तुमी इथं नाव काढनारे पोरं बसवले, मले लय आनंद झाला. पन थे माह्याशिवायही शिकले असते. मले याद राह्यते थे न येनारे. हा आडे. याले आनासाठी मी वर्षभर तुरीत शिरलो. कधी कधी तं थो सापडत नव्हता, मंग मी बांधावर बसून मोठ्यानं पाढे म्हनत होतो. चुकीचे. तीन चोक तेरा म्हटलं का हा तुरीतून बारा म्हनून ओरडे, मंग सापडे." पटांगण हसलं. "शिक्षकाले अजून काय पाह्यजे? पोरगं लपून बसलं होतं, पन त्याले पाढा येत होता."

भावसिंगला हसावं की रडावं कळेना. इतक्या लोकांसमोर गुरुजींनी घेतलेलं नाव डॉक्टरचं नव्हतं, फौजदारबाईंचं नव्हतं, त्याचं होतं. आपल्याला हवा होता तो सत्कार हाच, असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि ते खरंच होतं.

पण खरं ते सासुरवाडीला पुरत नाही. वेळेअभावी उरलेले सत्कार रद्द झाले. भावसिंगचं सन्मानचिन्ह फुलचंदनं दुसऱ्या दिवशी खताच्या पिशवीत घालून घरी पोचवलं. बादलनं केलेल्या शूटिंगमध्ये जावयाचं नाव एकदाच होतं, तेही तुरीत लपलेलं. त्या लग्नाची व्हिडिओ क्लिप मात्र कुणाकुणाच्या मोबाइलवरून फिरत फिरत आठवड्याभरात नेरकडच्या तांड्यावर पोचली. तीत पांढराशुभ्र घोडा होता, बँड होता, टोपी-दुपट्टा घातलेला भावसिंग होता, आणि निवेदक खणखणीत आवाजात सांगत होता की हा कोण आहे.

पुढच्या खेपेला भावसिंग सासुरवाडीला गेला तेव्हा त्याला बाजेच्या मधोमध बसवलं. चहा वाफाळता आला. तांड्यावरचे चार लोक भेटायला आले आणि घोड्याला दिवसाला चारा किती लागतो, हे त्यांनी आदरानं विचारलं. भावसिंगनं दोनदा खुलासा केला. मोठा माणूस आपला धंदा लपवतो, असं म्हणून लोकांनी तो कौतुकानं घेतला. (तिसऱ्यांदा त्यानं खुलासा केला नाही. चहा फार चांगला होता.)

संक्रांतीनंतर बादलचं लग्न ठरलं. लालीबाईचा फोन आला. पुष्पानं स्पीकर लावला. याडीनं, म्हणजे आईनं, जावयाचीच चौकशी आधी केली, हे पुष्पाला नवीन होतं. लग्नात जावयाचा मान पहिला, तुम्ही चार दिवस आधीच या, असं लालीबाई म्हणाली. भावसिंगचा ऊर भरून आला. त्यानं घसा साफ केला आणि नोकरदार माणसाला शोभेल अशा आवाजात सांगितलं की मार्च जवळ येऊन राह्यला, कचेरीत कामाचा लोड हाय, साहेब रजा देते का नाही, पाहावं लागन.

पलीकडं लालीबाईनं थोडा विचार केला.

"तुमाले रजा नाही भेटली तं राहू द्या, जावईबापू," ती म्हणाली. "घोडा तेवढा धाडून द्या."